आजाराचाही शजरा असतो

आपल्या अनेक घरांत खानदानाचा शजरा जपून ठेवलेला असतो. कुठे तो जुन्या वहीत असतो, कुठे घरातल्या एखाद्या बुजुर्गाच्या तोंडी असतो. दादा, परदादा, त्यांचे भाऊ, कोण कोणत्या गावाहून आले, कोणाची शाखा कुठे गेली, हे सगळे त्यात सापडते. मात्र बहुतेक शजऱ्यांत नावे असतात ती पुरुषांची. नानी, परनानी, फुफी, खाला यांना त्यात क्वचितच जागा मिळते. आणि कोणाचा इंतकाल कितव्या वर्षी, कोणत्या आजाराने झाला, हे तर कुठेच लिहिलेले नसते.

विचारले तर उत्तर मिळते, ‘पोटात गाठ झाली होती.’ किंवा ‘बाईचा आजार होता.’ काही घरांत कॅन्सर हा शब्दही उच्चारत नाहीत. ‘तो मोठा आजार’ एवढेच म्हणतात. दोन पिढ्या गेल्या की ही आठवणही पुसली जाते. मग चाळिशीतल्या एखाद्या बहिणीला स्तनाचा कॅन्सर निघतो, तेव्हा घरातल्यांना वाटते की हे अचानक आले. कधी कधी ते खरेच अचानक आलेले असते. पण कधी कधी तोच आजार तिच्या फुफीला आणि दादीलाही झालेला असतो, फक्त कोणी दोन टोके जोडून पाहिलेली नसतात.

या लेखात आम्ही अशा घरांविषयी लिहीत आहोत. आनुवंशिक कॅन्सर म्हणजे काय, त्याबद्दल सल्ला देणारी जनुकीय समुपदेशनाची पद्धत काय आहे, आणि हा सल्ला एकेकट्याने घेण्याऐवजी नातेवाइकांनी एकत्र बसून घेतला तर काय साधते, हे वाचकांपुढे ठेवण्याचा आमचा प्रयत्न आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. बहुतेक कॅन्सर आनुवंशिक नसतात. शंभर रुग्णांपैकी साधारण पाच ते दहा जणांतच आईवडिलांकडून आलेला जनुकीय दोष कारणीभूत असतो. तंबाखू, गुटखा, मिश्री, वाढते वय, काही संसर्ग ही कारणे कितीतरी मोठी आहेत. घरात कोणाला कॅन्सर झाला म्हणून सगळ्या खानदानाने घाबरण्याचे कारण नाही. मात्र ज्या थोड्या घरांत तो वारशाने उतरतो, तिथे वेळेवर कळल्याने जीव वाचू शकतात.

एका शिवणकाम करणाऱ्या बाईचे बोलणे

ही कहाणी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातली आहे. १८९५ मध्ये तिथले डॉक्टर आल्ड्रेड वार्थिन यांना त्यांच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितले, की मी फार जगणार नाही. आमच्या घरात सगळे पोटाच्या किंवा गर्भाशयाच्या कॅन्सरनेच जातात. तिचे बोलणे खरे ठरले. ती तरुण वयात गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली. वार्थिन यांनी तिचे बोलणे मनावर घेतले आणि तिच्या नातेवाइकांची माहिती जमवून १९१३ मध्ये ती प्रसिद्ध केली. तेव्हा फारसे कोणी लक्ष दिले नाही.

पुढे १९६२ मध्ये नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात हेन्री लिंच नावाच्या तरुण डॉक्टरांसमोर एक रुग्ण आला. तो दारूच्या व्यसनाने आजारी होता. एवढे का पिता, असे विचारल्यावर त्याने सांगितले की आमच्या घरात सगळे आतड्याच्या कॅन्सरने मरतात, मीही तसाच मरणार. लिंच यांनी त्याचे म्हणणे मनाचा खेळ म्हणून सोडून दिले नाही. त्यांनी त्याच्या नातेवाइकांचा शोध घेतला, रुग्णालयांतल्या जुन्या नोंदी काढल्या आणि कोणाला कोणता कॅन्सर कितव्या वर्षी झाला, हे वंशावळीच्या कागदावर मांडले. एकाच घरात पिढ्यानपिढ्या मोठ्या आतड्याचा आणि गर्भाशयाचा कॅन्सर दिसत होता, तोही ऐन उमेदीच्या वयात.

त्या काळी कॅन्सर वारशाने येतो, हे बहुतेक तज्ज्ञांना मान्य नव्हते. लिंच यांना संशोधनासाठी पैसे मिळवतानाही अनेकदा नकार मिळाले. तरी ते आणि त्यांचे सहकारी क्रेटन विद्यापीठात कुटुंबांच्या नोंदी जमवत राहिले. वार्थिन यांच्या त्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या कुटुंबाचा माग त्यांनी पुढे चालू ठेवला. १९९३ आणि १९९४ मध्ये एमएसएच-२ आणि एमएलएच-१ ही जनुके सापडली आणि त्यांचे म्हणणे प्रयोगशाळेत सिद्ध झाले. आज या आनुवंशिक आजाराला ‘लिंच सिंड्रोम’ म्हणतात. त्या बाईच्या कुटुंबातला नेमका जनुकीय दोषही सापडला. तिच्या बोलण्याला तोवर शंभर वर्षे उलटून गेली होती.

यातून आपण घेण्यासारखे एवढेच, की दोन्ही वेळा शोधाची सुरुवात प्रयोगशाळेत झाली नाही. घरातल्या माणसाला जे ठाऊक होते ते त्याने बोलून दाखवले, आणि समोरच्या डॉक्टरांनी ते ऐकून घेतले.

वारसा कसा उतरतो

आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत जनुके असतात. बहुतेक जनुके जोडीने असतात. एक आईकडून, एक वडिलांकडून. काही जनुकांचे काम पेशींतले बिघाड दुरुस्त करण्याचे असते. अशा जनुकाची एक प्रत जन्मतःच सदोष असेल, तर माणूस आजारी जन्मत नाही. पण पुढे आयुष्यात कॅन्सर होण्याची शक्यता इतरांपेक्षा खूप वाढते.

स्तन आणि अंडाशयाच्या आनुवंशिक कॅन्सरशी जोडलेली सर्वांत परिचित जनुके म्हणजे बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२. अमेरिकी शास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये यातल्या पहिल्या जनुकाची जागा सतराव्या गुणसूत्रावर दाखवली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार, बीआरसीए-१ सदोष असलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे ७२ जणींना वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाचा आणि ४४ जणींना अंडाशयाचा कॅन्सर होतो. बीआरसीए-२ साठी हे आकडे सुमारे ६९ आणि १७ आहेत. पुरुषांनाही धोका असतो. बीआरसीए-२ सदोष असलेल्या पुरुषांत प्रोस्टेटचा कॅन्सर अधिक दिसतो आणि क्वचित पुरुषाच्या स्तनातही कॅन्सर होतो.

आता वाटणीचा हिशेब. आई किंवा वडील यांपैकी एकाकडे असा दोष असेल, तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा असो वा मुलगी, या वाटणीत दोघांचा हिस्सा सारखाच. चार मुलांपैकी दोघांनाच मिळेल असेही नाही. कोणालाच मिळणार नाही किंवा चौघांनाही मिळेल, असे होऊ शकते. प्रत्येक जन्माच्या वेळी नव्याने नाणे उडवल्यासारखे ते असते.

इथे आपल्याकडे एक मोठी चूक होते. स्तनाचा कॅन्सर म्हटले की फक्त आईच्या बाजूचा विचार होतो. अम्मी आणि नानी निरोगी असल्या की मुलगी निर्धास्त. प्रत्यक्षात हा दोष वडिलांकडूनही तितकाच येतो. अब्बांना काही झालेले नसते, कारण पुरुषांत हा आजार कमी दिसतो. पण त्यांच्या बहिणीला म्हणजे फुफीला झालेला कॅन्सर त्यांच्या मुलीसाठी तितकाच महत्त्वाचा असतो. म्हणून आजाराचा शजरा काढताना दोन्ही बाजू हव्यात, आणि बायकांची नावे गाळून तर तो काढताच येत नाही.

एकत्र बसून घेतलेला सल्ला

जनुकीय समुपदेशन म्हणजे नुसती रक्ततपासणी नव्हे. प्रशिक्षित समुपदेशक आधी कुटुंबाची माहिती घेतात, तीन पिढ्यांचा तक्ता काढतात, तपासणीची गरज आहे का ते सांगतात, तिचे फायदे-तोटे समजावतात आणि रिपोर्ट आल्यावर त्याचा अर्थ व पुढचे मार्ग सांगतात. तपासणी करा असा आग्रह ते धरत नाहीत. निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा असतो.

अडचण अशी की हे काम जाणणारे लोक थोडे आहेत. प्रत्येकाला स्वतंत्र तास-दीड तास द्यायचा, तर रांग लांबत जाते. शिवाय त्या तासातला मोठा भाग सगळ्यांसाठी सारखाच असतो: जनुक म्हणजे काय, वारसा कसा उतरतो, तपासणीत काय कळते, काय कळत नाही. म्हणून काही देशांतल्या दवाखान्यांनी सामूहिक समुपदेशनाची पद्धत वापरून पाहिली. सारख्या प्रश्नाने आलेल्या काही जणींना एकत्र बसवायचे, ही सामाईक माहिती चित्रे दाखवून सांगायची, प्रश्न घ्यायचे. आणि त्यानंतर प्रत्येकीला समुपदेशकाबरोबर एकांतात थोडा वेळ द्यायचा. त्या एकांतात तिच्या घराचा तक्ता, तिचा स्वतःचा धोका आणि तिचा निर्णय यांवर बोलणे होते. रिपोर्ट तर नेहमी एकेकटीलाच सांगितला जातो.

ही पद्धत वैयक्तिक सल्ल्याइतकी उपयोगी पडते का, याची तुलनाही झाली आहे. २००५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात स्तन आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा कौटुंबिक धोका असलेल्या व्यक्तींना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले होते. दोन्ही पद्धतींचे परिणाम बऱ्याच अंशी सारखे निघाले आणि एकत्र बसवल्याने समुपदेशकांचा वेळ वाचला.

दुसरी रीत आहे एकाच खानदानाला एकत्र बसवण्याची. ती हेन्री लिंच यांनीच रुजवली. एखाद्या कुटुंबात दोष सापडला की ते दूरदूर विखुरलेल्या नातेवाइकांना सर्वांना सोयीच्या ठिकाणी बोलवत आणि आपल्या सहकाऱ्यांसह स्वतः तिथे जात. सगळ्यांसमोर आजाराची माहिती देत, तपासण्या कोणत्या वयात सुरू कराव्यात ते सांगत, प्रश्नांना उत्तरे देत. मग ज्याला बोलायचे असेल त्याच्याशी खासगीत बोलणे होई आणि ज्याला हवे असेल त्याचा रक्ताचा नमुना घेतला जाई. बीआरसीए दोष असलेल्या कुटुंबांत अशा बैठकीला आलेल्यांनी तपासणी करून घेण्याचे प्रमाण वाढले, असे त्यांच्या गटाने २००९ मध्ये प्रसिद्ध केले. लिंच यांचे २०१९ मध्ये निधन झाले.

असे का होते, हे आपल्या घरांचा अनुभव असलेल्या कोणालाही समजेल. एरवी ही बातमी नातेवाइकांना कळवण्याचे ओझे आजारी बाईवरच पडते. केमो घेत असलेली आपा फोनवर चुलतभावाला जनुकाचे गणित कसे समजावणार? ती अर्धे सांगते, तो त्यातले अर्धे ऐकतो, आणि पुढे भाभीपर्यंत जाईस्तोवर त्याचे काहीतरी वेगळेच होते. एकत्र बसल्यावर सर्वांनी एकच गोष्ट, एकाच तोंडून, एकाच वेळी ऐकलेली असते. शिवाय एखादीला विचारायला संकोच वाटणारा प्रश्न दुसरी विचारते आणि उत्तर दोघींना मिळते.

ही रीत सर्वांना मानवते असे नाही. जिचा शोक ताजा आहे, जी मनाने खचलेली आहे, ज्या घरात भाऊबंदकी आहे, किंवा जिला सासरच्या माणसांसमोर बोलायचे नाही, तिला स्वतंत्र भेटच द्यायला हवी. तसा पर्याय मागणे हा तिचा हक्क आहे.

आपल्याकडे कुठे अडते

पहिली अडचण रिश्त्याची. घरात असा आजार आहे हे कळले तर मुलींची लग्ने अडतील, ही भीती खोटी नाही. आम्ही ती हसण्यावारी नेणार नाही. पण या भीतीची किंमत कोण मोजते, ते पाहावे. धाकट्या बहिणीचे लग्न व्हावे म्हणून मोठीच्या आजाराचे नाव लपवले जाते. धाकटीचे लग्न होते, मुले होतात, आणि तिला कोणी सांगितलेलेच नसल्याने ती तपासणीला जात नाही. जिच्यासाठी गोष्ट लपवली, तिचाच जीव धोक्यात येतो.

आमचे मत असे आहे की घराबाहेर काय सांगायचे आणि घरात काय सांगायचे, हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. बाहेरच्यांना सांगण्याची सक्ती कोणावरही नाही. पण ज्यांचे रक्त एक आहे, त्यांच्यापासून लपवू नये. कोणाचा रिपोर्ट काय आला, ही मात्र अमानत आहे. ती ज्याची त्याच्यापाशीच राहावी. ‘आपल्या खानदानात असा दोष सापडला आहे, प्रत्येकाने सल्ला घ्यावा,’ एवढे सांगायला कोणाचा रिपोर्ट उघड करावा लागत नाही. पाहणीला आलेल्यांनी मुलीची जनुकीय तपासणी मागावी, हे तर आम्हाला मुळीच मान्य नाही. मुलगाही तोच दोष वाहत असू शकतो. त्याला कोणी तपासणी मागत नाही. लग्न ठरल्यावर किंवा झाल्यावर जोडीदाराला कधी आणि कसे सांगायचे, हे ठरवायलाही समुपदेशक मदत करतात.

दुसरी अडचण हयेची. स्तन, गर्भाशय, पाळी हे शब्द पुरुषांसमोर बोलणे आपल्या बायकांना जड जाते. गाठ हाताला लागूनही महिनोन्‌महिने न सांगणाऱ्या बायका आपण पाहिल्या आहेत. यावर सामूहिक पद्धतीतच तोड आहे. बायकांची बैठक वेगळी घ्यावी, समुपदेशक आणि डॉक्टर स्त्री असावी. मात्र पुरुषांची बैठकही झालीच पाहिजे. अनेक घरांत खर्चाचा आणि प्रवासाचा निर्णय पुरुष घेतात, आणि वारसा तर त्यांच्याकडूनही उतरतो. बायकांचा आजार म्हणून त्यांनी बाहेर बसून चालणार नाही.

तिसरी अडचण तकदीरची. ‘नशिबात असेल ते होईल, आधी कळून काय उपयोग?’ असे अनेक बुजुर्ग म्हणतात. आजार आणि शिफा अल्लाहच्या हाती आहे, हे मानणारे आपण ताप आल्यावर डॉक्टरकडे जातोच, मुलांना लसही देतो. धोका आधी कळणे हा भविष्य पाहण्याचा प्रकार नाही. रिपोर्टमध्ये दोष निघालेल्या अनेकांना कॅन्सर कधीच होत नाही. तो फक्त सांगतो की या व्यक्तीने अधिक जागरूक राहावे.

नात्यातल्या लग्नांचा प्रश्न

चुलत, मावस, आतेमामे भावंडांत लग्ने होणाऱ्या घरांत एक प्रश्न हमखास विचारला जातो: कॅन्सर नात्यातल्या लग्नामुळे आला का? बीआरसीए किंवा लिंच सिंड्रोमच्या बाबतीत उत्तर ‘नाही’ असे आहे. धोका वाढायला एकाच पालकाकडून आलेली एक सदोष प्रत पुरते. ती परक्या घरात लग्न केले तरी उतरू शकते.

पण नात्यात लग्न झालेल्या घरांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, तिथे आईची बाजू आणि वडिलांची बाजू एकमेकांत मिसळलेली असते, म्हणून शजरा अधिक काळजीने काढावा लागतो. दुसरी अधिक गंभीर आहे. नवरा-बायको दोघांकडे एकाच घराण्यातून आलेला तोच दोष असेल, तर प्रत्येक मुलाला दोन्ही प्रती सदोष मिळण्याची शक्यता चारात एक असते. बीआरसीए-२ च्या बाबतीत असे झाले तर मुलाला फॅन्कोनी ॲनिमिया हा रक्ताचा गंभीर आजार होऊ शकतो. लिंच सिंड्रोमच्या जनुकांत असे झाले तर बालपणीच कॅन्सर होण्याचा धोका असतो. म्हणून ज्या खानदानात दोष सापडला आहे आणि घरातच रिश्ते ठरतात, तिथे मुले होण्याआधी दोघांनी मिळून सल्ला घेणे शहाणपणाचे आहे.

कळल्यावर काय करता येते

काहीच करता येत नसते, तर आम्हीही म्हटले असते की न कळलेलेच बरे. पण करता येण्यासारखे पुष्कळ आहे.

लिंच सिंड्रोमच्या कुटुंबांत साधारण विशी-पंचविशीपासून एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करण्याचा सल्ला दिला जातो. आतड्यातले लहान कोंब कॅन्सर होण्याआधीच काढून टाकता येतात. फिनलंडमध्ये अशा कुटुंबांवर पंधरा वर्षे लक्ष ठेवून २००० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नियमित तपासणी करणाऱ्यांत आतड्याचा कॅन्सर ६२ टक्क्यांनी कमी झाला होता आणि त्या गटात या कॅन्सरने एकही मृत्यू झाला नव्हता.

बीआरसीए दोष असलेल्या स्त्रियांसाठी साधारण पंचविशीपासून दरवर्षी स्तनांचा एमआरआय आणि तिशीपासून त्याच्या जोडीला मॅमोग्राफी सुचवली जाते. अंडाशयाचा कॅन्सर लवकर ओळखणारी भरवशाची तपासणी अजून नाही. म्हणून मुले झाल्यावर, बीआरसीए-१ असेल तर पस्तीस ते चाळीस आणि बीआरसीए-२ असेल तर चाळीस ते पंचेचाळीस या वयात अंडाशय व नलिका काढून टाकण्याचा सल्ला डॉक्टर देतात. स्तन काढण्याची शस्त्रक्रिया हाही पर्याय आहे, पण तो प्रत्येकीने घ्यावाच असे नाही. ज्यांना कॅन्सर झालेला आहे त्यांनाही रिपोर्टचा उपयोग होतो; बीआरसीए दोष असलेल्या काही रुग्णांवर ओलापरीबसारखी औषधे चांगली लागू पडतात.

आणि रिपोर्ट निर्दोष आला तर? घरात जो दोष सापडला आहे तो जिच्यात नाही, तिचा धोका सर्वसाधारण स्त्रीइतका होतो आणि तिच्या मुलांकडेही तो दोष तिच्याकडून जात नाही. वर्षानुवर्षे मनात बाळगलेली धास्ती एका कागदाने दूर होते. हीसुद्धा लहान गोष्ट नाही.

तिसराही एक निकाल येऊ शकतो: बदल आहे, पण त्याचा अर्थ अजून लागलेला नाही. आपल्या देशातल्या कुटुंबांच्या नोंदी जगाच्या साठ्यात कमी असल्याने असे निकाल आपल्याकडे अधिक येतात. अशा निकालावरून घाईने शस्त्रक्रिया करू नये. समुपदेशकाच्या संपर्कात राहावे.

सुरुवात कशी करावी

पुढील खुणा घरात दिसत असतील तर सल्ला जरूर घ्यावा:

• पन्नाशीच्या आत झालेला स्तनाचा, मोठ्या आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर.
• कोणत्याही वयात झालेला अंडाशयाचा कॅन्सर.
• पुरुषाला झालेला स्तनाचा कॅन्सर.
• एकाच व्यक्तीला दोन वेगवेगळे कॅन्सर.
• एकाच बाजूच्या दोन-तीन नातेवाइकांना सारखे किंवा संबंधित कॅन्सर.

आधी एका कागदावर आजाराचा शजरा काढा. स्वतःपासून वर तीन पिढ्या. भाऊ, बहिणी, चाचा, फुफी, मामू, खाला आणि त्यांची मुले. प्रत्येकापुढे आजार, तो झाला तेव्हाचे वय आणि हयात नसल्यास इंतकालाचे वय. ज्यांना काही झाले नाही त्यांचीही नावे लिहा, कारण त्यांचीही मोजणीत गरज असते. घरातल्या वृद्ध बायकांना ही माहिती सर्वांत जास्त असते. त्या आहेत तोवर विचारून घ्या. जुन्या बायोप्सीचे कागद सापडले तर सांभाळून ठेवा.

तपासणी शक्यतो आधी त्या व्यक्तीची करावी जिला कॅन्सर झाला आहे. तिच्यात नेमका दोष सापडला, की इतरांना फक्त तेवढाच शोधायचा असतो. ते सोपे आणि कमी खर्चाचे पडते. अठरा वर्षांखालील मुलांची या दोषांसाठी सहसा तपासणी करत नाहीत. मोठे झाल्यावर त्यांनी स्वतः ठरवावे. समुपदेशनाशिवाय परस्पर कुठेही नमुना पाठवून रिपोर्ट मागवू नये.

आपल्या राज्यात टाटा मेमोरियल केंद्राचा कॅन्सर जेनेटिक्स विभाग हे काम करतो. या केंद्राचे मुख्य रुग्णालय मुंबईत परळला आहे आणि दुसरे केंद्र नवी मुंबईत खारघरला. खर्चाची अडचण असेल तर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात विचारावे. रिपोर्टची प्रत मात्र जपून द्यावी. अमेरिकेत २००८ मध्ये जनुकीय माहितीवरून आरोग्यविमा आणि नोकरीत भेदभाव करण्यास कायद्याने बंदी झाली. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही.

शेवटी जमातींना, शादीखाने चालवणाऱ्या ट्रस्टना आणि महिला मंडळांना आमची विनंती आहे. रक्तदान आणि नेत्रतपासणीची शिबिरे आपण भरवतोच. त्यात वर्षातून एक दुपार आजाराचा शजरा कसा काढावा, हे शिकवण्यासाठी ठेवा. रुग्णालयातल्या जाणकार डॉक्टरीणबाईंना बोलवा. तिथे कोणाचे रक्त घेऊ नका, कोणाचे नाव विचारू नका. फक्त कोरे तक्ते वाटा आणि ते घरी जाऊन भरायला सांगा. ईदला सगळे एकत्र जमतात, तेव्हा अर्धा तास त्यासाठी काढता येईल. दादीच्या शेजारी बसून कोणीतरी विचारावे, की तुमच्या बहिणीला नेमके काय झाले होते, आणि तेव्हा त्यांचे वय काय होते.